पुदिन्याचा वाफा

चैत्र संपत आला, की पुण्याच्या रस्त्यारस्त्यांवर रसवंतीची घुंगरे वाजू लागतात. बाजाराला म्हणून तुम्ही शहरात आलेले असता. ऊन मी म्हणत असते. पाय आपोआप रसवंतीकडे वळतात. रसवाला चरकात ऊस घालतो, बरोबर आल्याचा तुकडा घालतो, लिंबू घालतो. "पुदिना टाकू का, अण्णा?" असे विचारतो. तुम्ही मान हलवता. चार हिरवी पाने उसाच्या घडीत दडपली जातात आणि रसाबरोबर पेल्यात उतरतात. एक घोट घेतला, की घशाला कसे गार वाटते.

ती चार पाने कुठून आली? आणि ती कोणत्या पाण्यावर वाढली? पहिला प्रश्न आपण कधी कधी विचारतो. दुसरा विचारीत नाही. आम्ही या पाठात पुदिना कसा लावावा ते सांगणार आहोत. पण त्या दुसऱ्या प्रश्नापाशी थोडे जास्त थांबणार आहोत.

पुदिना हे नाव फारसी भाषेतून आपल्याकडे आले. बाजार, जमीन हे शब्द जसे आले, तसेच हेही. नाव परके, पण झाड आता घरचे झाले आहे. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटेच्या अंधारात पालेभाज्यांच्या गाड्या येतात. मेथी, कोथिंबीर, शेपू यांच्या ढिगांशेजारी पुदिन्याच्या जुड्याही असतात. तिथे जुडीचा भाव सुटा होत नाही. शंभर जुड्यांचा होतो, म्हणजे शेकड्याचा. तिथून तो माल शहरभर जातो. महात्मा फुले मंडईत जातो, हॉटेलांत जातो, पाणीपुरीच्या गाड्यांवर जातो.

मंडईचे नाव निघाले म्हणून जाता जाता एक गोष्ट सांगतो. मंडईची ही दगडी इमारत १८८६ साली उघडली. त्या आधी जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा घालवण्यापेक्षा तो गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे कोणी ऐकले नाही. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव दिले गेले. असो. आपण पुदिन्याकडे वळू.

पुदिना ओळखायचा कसा? तुम्ही म्हणाल, वासावरून. ते खरेच. पण आणखी एक खूण आहे. त्याची कोवळी दांडी दोन बोटांत धरून फिरवा. ती गोल लागत नाही, चौकोनी लागते. आता अंगणातल्या तुळशीची कोवळी दांडी तशीच फिरवून पाहा. तीही चौकोनी. दोघी एकाच कुळातल्या. पाने पाहा. ती समोरासमोर जोडीने येतात. खालची जोडी पूर्व-पश्चिम असली, तर वरची दक्षिण-उत्तर.

तुळस वर वाढते. पुदिना मात्र आडवा पळतो. त्याच्या काही दांड्या वर येतात, काही जमिनीला चिकटून सरपटत जातात, काही मातीच्या आत वीतभर खोलीपर्यंत पळतात. दांडीच्या दर पेऱ्याला मुळ्या सुटतात आणि तिथून नवा फुटवा वर येतो. म्हणून पुदिना एकदा लावला, की वर्षानुवर्षे राहतो. मेथीसारखा पेरा आणि उपटा, असा त्याचा हिशेब नाही.

मग तो गार का लागतो? त्याचे उत्तर मोठे गमतीचे आहे. पुदिना गार नसतोच. पान तोंडात धरले, तरी जीभ होती तेवढीच ऊबदार राहते. आपल्या जिभेत आणि कातडीत काही नसा अशा आहेत, की थंड वस्तू लागली म्हणजे त्या मेंदूला 'गार, गार' असा निरोप धाडतात. पुदिन्याच्या जातीच्या झाडांत मेंथॉल नावाचे एक तेलकट द्रव्य असते. ते या नसांना फसवते. थंड काही नसताना त्या निरोप धाडतात. मिरचीचेही तसेच. मिरची काही विस्तव नसते, पण तिच्यातले द्रव्य गरम ओळखणाऱ्या नसांना फसवते आणि आपण हाय हाय करतो. हे कोडे उलगडणाऱ्या डेव्हिड ज्यूलियस या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञाला २०२१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्याने कामाला घेतले काय, तर मिरचीचा तिखटपणा आणि मेंथॉल! आपण ठेच्यात मिरची आणि पुदिना एका ठिकाणी वाटतो, तेव्हा दोन्ही फसवणुका एकदम चालतात.

मेंथॉल सगळ्या पुदिन्यांत सारखे नसते, बरं का. आपल्या चटणीच्या पुदिन्यात ते फार थोडे असते. त्याचा वास दुसऱ्या तेलाचा असतो. भरपूर मेंथॉल असतो तो जपानी पुदिना. तो १९५० नंतरच्या काळात आपल्या देशात आणला गेला. आज उत्तर प्रदेशात, बाराबंकीच्या बाजूला, त्याची शेतेच्या शेते आहेत. लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेने त्याच्या शिवालिक, कोसी अशा जाती काढल्या. कापलेला पाला भट्टीत घालून वाफेवर त्याचे तेल काढतात. डोकेदुखीचा बाम, खोकल्याच्या गोळ्या, दात घासायची पेस्ट यांत ते जाते. या मालात भारताचा हात धरणारा देश जगात नाही.

हे ऐकून कोणाला वाटेल, आपणही तेलाचाच पुदिना लावू. इथे सबुरी धरा. तेलाचा पुदिना चटणीला चालत नाही, फार उग्र लागतो. आणि जवळ भट्टी नसेल, तर तो पाला घेऊन जाणार कुठे? "अमुक वनस्पती लावा, रोपे आमच्याकडून घ्या, माल आम्हीच उचलू," असे सांगणारे लोक गावात येतात. रोपांचे पैसे घेतात आणि माल तयार होईपर्यंत नाहीसे होतात. अशी फसलेली माणसे आम्हाला ठाऊक आहेत. म्हणून रोप घेण्याआधी भट्टी कुठे आहे ते डोळ्यांनी पाहून या.

आपला चटणीचा पुदिना लावायला एक पैसाही लागत नाही. बाजारातून जुडी आणा. पाने खुडून चटणी करा. दांड्या टाकून देऊ नका. त्यांतल्या जाड, निबर, निरोगी अशा आठ-दहा दांड्या निवडा. खालची पाने काढा, वरची दोन-चार ठेवा. पेल्यात दोन बोटे पाणी घ्या आणि दांड्या त्यात उभ्या करून सावलीत ठेवा. पाणी रोज बदला. आठ-दहा दिवसांत पेऱ्यांतून पांढऱ्या मुळ्या बाहेर येतील. त्या बोटभर झाल्या, की दांड्या मातीत लावा. शेजाऱ्याच्या वाफ्यात पुदिना असेल, तर एवढेही नको. मुळ्या सुटलेल्या सरपटत्या दांड्याच मागून आणा. बी पेरण्याच्या भानगडीत पडू नका. पुदिन्याला बी धरते कमी, आणि धरले तरी रोप मूळ झाडासारखे निघेल याचा भरवसा नाही.

लावण पावसाळ्याच्या तोंडाला करावी, नाहीतर थंडी ओसरू लागली म्हणजे करावी. ऐन वैशाखात लावलेल्या दांड्या माना टाकतात.

जागा कशी हवी? सकाळचे ऊन आणि दुपारची सावली, अशी. शेवग्याखाली, पपईखाली, घराच्या पूर्वेच्या भिंतीशी पुदिना खूश असतो. माती भुसभुशीत करा. तिच्यात चांगले कुजलेले शेणखत मिसळा. ताजे शेण नको. का नको, ते पुढे सांगतो. जमीन काळी आणि चिकट असेल, तर वाफा चार बोटे उंच करा, म्हणजे पावसाचे पाणी साचणार नाही. दोन ओळींत एक हात आणि दोन दांड्यांत एक वीत अंतर ठेवा. दांडी दोन-तीन बोटे मातीत जाऊ द्या आणि लगेच पाणी द्या. पहिल्या पंधरवड्यात वाटेल, की हे काही जगत नाही. जगते. दीड-दोन महिन्यांत सगळा वाफा भरून जातो, माती दिसत नाही.

आणि इथेच आमची एकदा फजिती झाली. आमच्या रात्रीच्या वर्गामागे चार हात जागा होती. तिथे आम्ही अर्ध्या भागात लसूण लावला आणि अर्ध्या भागात पुदिना. मधे काठीने एक रेघ ओढली. जणू पुदिन्याला वाचता येते! पुढे लसणाची पात पिवळी पडली, तेव्हा काढायला बसलो. पाहतो तो पुदिन्याच्या दांड्या मातीच्या आतून जाऊन एकेका गड्ड्याला विळखा घालून बसल्या होत्या. लसूण निघाला सुपारीएवढा. मग आम्ही रागाने कुदळ घेतली आणि पुदिना खणून काढला. तीही चूकच. कुदळीने दांडीचे जेवढे तुकडे झाले, तेवढे जमिनीत राहिले आणि पुढच्या पावसात प्रत्येक तुकड्याला फुटवा आला. वर्गातल्या एक मावशी हसून म्हणाल्या, "गुरुजी, ह्याला राखायला भिंत लागते. रेघ नाही पुरत!"

मावशींचे खरे होते. पुदिना लावण्याआधीच वाफ्याच्या चारी बाजूंना जुना पत्रा, फरशीचे तुकडे किंवा विटा उभ्या पुरा. त्या वीत-दीड वीत खोल हव्यात आणि दोन बोटे वर दिसायला हव्यात. वरून उडी मारणाऱ्या दांड्या महिन्यातून एकदा विळ्याने छाटल्या, की झाले. जागा नसेल, तर फुटके घमेले, तेलाचा डबा, जुनी बादली, काहीही चालते. बुडाला भोके मात्र पाडा. शहरात गॅलरीतल्या कुंडीतही पुदिना उत्तम येतो. फक्त कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नका. त्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात.

आता पाणी.

पुदिन्याला ओल फार प्रिय. उन्हाळ्यात त्याला एक दिवसाआड, हलक्या जमिनीत रोजसुद्धा, थोडे पाणी लागते. थंडीत सहा-सात दिवसांनी दिले तरी भागते. बोट मातीत खुपसून पाहावे. दुसऱ्या पेरापर्यंत ओल लागली, तर पाणी नको. ओल हवी म्हणून चिखल करू नये. चिखलात मुळ्या गुदमरतात, पाने पिवळी पडतात, दांड्या बुडाशी काळ्या होऊन सडतात.

पाणी किती, हे असे सांगता येते. पण पाणी कोणते? पुदिना त्याची निवड करीत नाही. विहिरीचे द्या, कालव्याचे द्या, मोरीचे द्या, गटाराचे द्या, तो सारखाच हिरवागार होतो. उलट घाण पाण्यावर तो जास्तच माजतो, कारण त्या पाण्यात खत असते. आणि माणूस पानाचा रंग पाहून भुलतो.

आम्ही पूर्वी पुण्याच्या एका पेठेत वाड्यात राहत होतो. वाड्याची मोरी जिथे बाहेर पडे, तिथे पुदिना लावलेला होता. कोणी लावला, कुणास ठाऊक. भांड्यांचे पाणी, धुण्याचे पाणी, लहान मुलांचे कपडे खळबळलेले पाणी, सगळे त्यातून जाई. पुदिना गुडघाभर वाढलेला. साऱ्या वाड्याला त्याची चटणी. पाहुण्यांना आम्ही तो कौतुकाने दाखवत असू. एका पावसाळ्यात वाड्यातल्या पाच-सहा मुलांना जुलाब लागले. सगळ्यांत धाकट्याला तर सलाईन लावावी लागली. त्याला पाहायला एक नर्सबाई घरी आल्या. त्यांनी पिण्याचे पाणी पाहिले, माठ पाहिला, झाकण पाहिले. जाता जाता मोरीपाशी थांबल्या.

"हा पुदिना कोण खातं?"

"सगळेच खातो की, बाई."

"शिजवून?"

आम्ही गप्प झालो. चटणी कोण शिजवतो?

पुदिन्यानेच मुले आजारी पडली, असे कोणी सिद्ध केले नाही. त्या पावसाळ्यात माश्याही होत्या आणि नळाच्या पाण्यालाही वास येत होता. पण नर्सबाईंचा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही.

त्यांचे म्हणणे असे होते. मेथी, पालक, चाकवत आपण चुलीवर शिजवतो. उकळी आली, की रोगजंतू मरतात. पुदिना आणि कोथिंबीर आपण कच्ची खातो. जंतू आणि आपले पोट यांच्यामध्ये काहीच नसते. त्यातून पुदिन्याचे पान जमिनीलगत. पाणी दिले, पाऊस पडला, की मातीचे शिंतोडे पानावर उडतात. पान सुरकुतलेले, काहीसे लवदार. घाण त्या सुरकुत्यांत बसते. सांडपाण्यात माणसाच्या विष्ठेचा अंश असतो. त्यातून पटकी, विषमज्वर, कावीळ, हगवण आणि जंत यांचा प्रसार होतो.

पुण्याच्या आसपासच्या शेतकऱ्याला हा प्रश्न रोजचा आहे. खडकवासल्याच्या धरणातून निघालेला कालवा हवेली, दौंड, इंदापूरकडे पाणी नेतो. आणि मुळा-मुठा नदीही त्याच बाजूला जाते. पण ती शहराच्या पोटातून जाते. इतक्या मोठ्या शहराचे सगळे सांडपाणी शुद्ध होऊन नदीत पडत नाही. बरेचसे तसेच पडते. पुढे ही नदी रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. काठच्या शेतकऱ्याने मोटार नदीत टाकली, तर त्याची चूक आहे असे आम्ही म्हणणार नाही. त्याच्यापाशी दुसरे पाणी नसेल. घाण केली शहराने. पण त्या पाण्यावर त्याने ऊस घ्यावा, जनावरांचा चारा घ्यावा, फुले घ्यावी. कच्चे खायचे पान घेऊ नये. कारखान्याचे पाणी जिथे मिसळते, तिथे तर मुळीच नाही. त्या पाण्यातले शिसे वगैरे धातू मुळांवाटे पानात जातात, आणि ते धुऊन किंवा शिजवूनही निघत नाहीत.

पाणी डोळ्याला निर्मळ दिसते म्हणून ते निर्मळ असतेच, असेही नाही. २०२५ सालच्या जानेवारीत पुण्यात एक साथ आली. माणसाच्या हातापायांतली शक्ती जाई, काहींना श्वास घेणे कठीण होई. गुइलेन-बॅरे हे त्या आजाराचे नाव. दोनशेहून जास्त रुग्ण सापडले. त्यांतले पुष्कळसे सिंहगड रस्त्याच्या भागातले, नांदेड, किरकटवाडी, धायरी या बाजूचे होते. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू मिळाला. हा जंतू दूषित पाण्यातून आणि अर्धवट शिजलेल्या मांसातून पोटात जातो. संशय पाण्यावर आला. त्या साथीशी पुदिन्याचा संबंध कोणी जोडलेला नाही, आम्हीही जोडत नाही. पण त्या गावांतली माणसे जे पाणी पीत होती, तेही त्यांना रोज चांगलेच दिसत असेल.

म्हणून पुदिन्याच्या वाफ्याला विहिरीचे, बोअरचे किंवा वर शहर नसलेल्या कालव्याचे पाणी द्यावे. विहिरीला कठडा हवा, आणि संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून लांब हवा. पाणी बुडाशी सोडावे, वरून शिंपडू नये. मातीवर उसाचे पाचट अंथरले, तर शिंतोडे उडत नाहीत आणि ओलही टिकते. ताजे शेण किंवा शेणाचा काला पानांवर पडू देऊ नये. त्यातही जंतू असतात. म्हणून खत पूर्ण कुजलेले हवे. शेळ्या-कोंबड्या वाफ्यात येऊ देऊ नयेत. कापणाऱ्याने आधी साबणाने हात धुवावेत.

आणखी एक गोष्ट. जुडी ताजी दिसावी म्हणून कापल्यावर ती पाण्यात बुडवतात. चार महिने स्वच्छ पाण्यावर पुदिना वाढवायचा आणि शेवटची बुडी रस्त्याकडेच्या ओढ्यात मारायची, असे आम्ही पाहिले आहे. मग चार महिन्यांची मेहनत पाण्यात गेली, असेच म्हणायचे.

घरी आणलेली जुडी कशी धुवावी? सुतळी सोडा. सडकी पाने काढा. मोठ्या पातेल्यात पाने बुडवून हाताने हलवा, माती खाली बसू द्या, पाने वर उचलून घ्या आणि पाणी फेकून द्या. असे तीन वेळा करा. शेवटचे पाणी पिण्याचे असावे. एवढ्याने पुष्कळशी घाण जाते. सगळे जंतू मात्र जात नाहीत. साथीचे दिवस असले, घरात तान्हे मूल, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असले, किंवा पुदिना कुठला ते ठाऊक नसले, तर पाने थोड्या तेलावर तव्यात चांगली परतून मग चटणी वाटा. वास थोडा कमी होतो. कढीत, आमटीत उकळून घातला तरी चालतो.

वाफ्याची बाकीची निगा सोपी. पहिले दोन महिने खुरपणी महत्त्वाची. हरळी आणि लव्हाळा यांना सुरुवातीलाच मुळासकट काढा. एकदा का हरळीच्या मुळ्या पुदिन्याच्या दांड्यांत गुंतल्या, की देवालाही सोडवता येणार नाहीत. दाट वाफ्यात मग तण फारसे उगवत नाही.

रोग म्हणाल, तर तांबेरा. पान उलटे करून पाहा. खालच्या बाजूला विटकरी रंगाच्या बारीक पुळ्या दिसल्या आणि बोटाला तांबूस भुकटी लागली, तर तो तांबेरा. असा पाला खतात टाकू नका. दांड्या जमिनीलगत कापून जाळून टाका, वाफा मोकळा होऊ द्या, वरून पाणी देणे थांबवा. पुन्हा पुन्हा आला, तर तो वाफा मोडावा आणि दुसऱ्या जागी निरोगी दांड्या लावाव्यात. अळ्या पडल्या तर हाताने वेचाव्यात, निंबोळीचा अर्क फवारावा. विषारी औषध मारून आठ दिवसांत तेच पान बाजारात नेऊ नये. तुमच्या घरच्या ताटात जे वाढणार नाही, ते इतरांच्या ताटात वाढू नका, हे काय आम्ही सांगायला हवे?

पहिली कापणी लावणीनंतर साधारण दोन महिन्यांनी. फुलाचे तुरे येण्याच्या आधी कापावे. तुरे आले, की पान बारीक आणि चरबट होते. जमिनीच्या वर दोन-तीन बोटे सोडून धारदार विळ्याने कापा. कापल्यावर मूठभर कुजलेले खत आणि पाणी द्या. महिना-सव्वा महिन्यात वाफा पुन्हा तयार. एका वाफ्याचे चार भाग करून आठवड्याला एक भाग कापला, तर बारा महिने थोडा थोडा माल मिळत राहतो.

दोन-तीन वर्षांनी वाफ्याला मधोमध टक्कल पडते. दांड्या कडेला पळतात, मधे जुनी लाकडे राहतात. मग कडेच्या ताज्या दांड्या काढून नवा वाफा करावा आणि जुन्या जागी मेथी, वाटाणा असे काही घ्यावे.

विकायचा असेल, तर आधी एक गुंठा करून पाहा, एकराच्या नादी लागू नका. उन्हाळ्यात आणि रमझानच्या महिन्यात पुदिन्याला उठाव असतो. पावसाळ्यात सगळ्यांचाच पुदिना येतो आणि भाव पडतो. कापणी संध्याकाळी करा, जुड्या बांधून ओल्या गोणपाटाखाली ठेवा आणि पहाटे यार्डात पोचवा. पुदिना उन्हात दोन तास टिकत नाही. जवळच्या रसवंत्या, खाणावळी यांना रोजची जुडी लावून दिली, तर कधी कधी यार्डापेक्षा बरे पडते. त्यांना सांगा, की हा विहिरीच्या पाण्यावरचा आहे, या आणि पाहून जा.

यार्डात माल विकला, की पट्टी मिळते. ती न वाचता खिशात घालू नका. तिच्यावर तीन गोष्टी पाहायच्या. जुड्या किती, शेकडा भाव किती, आणि कापले किती. समजा, तुम्ही २५० जुड्या नेल्या. भाव शेकडा ४०० रुपये झाला. १०० चे ४००, आणखी १०० चे ४००, ५० चे २००. मिळून १,००० रुपये. हमाली आणि गाडीभाडे धरून १८० रुपये गेले, तर हातात ८२० यायला हवेत. पट्टीवर २५० च्या जागी २४० लिहिले असेल, तर ४० रुपये कमी येतील. गाळ्यावरून निघण्याआधीच बोट ठेवून विचारा, "दादा, हा आकडा दोनशे पन्नास हवा ना?"